दालमिलच्या बायकांच्या सायकली

देवीदासजी इंगोले एसटीत कंडक्टर होते. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी अकोला-अकोट गाडीवर काढली, शेवटची काही अमरावतीत. रिटायर होऊन साईनगरातल्या घरी बसले आणि महिन्याभरात घराला जड झाले. बायकोनं, लीलाबाईंनी, भाजी चिरायला घेतली की हे समोर उभे राहायचे. वांगं असं नाही, तसं काप. शेवटी एक दिवस त्या विळी सरकवून म्हणाल्या, "तुमी बाहेर काहीतरी पाहा बापा. मले या घरात श्वास घेऊ द्या."

शेजारच्या रामरावांकडून कळलं की शहरात किती लोक रोज सायकल चालवतात याची मोजणी होणार आहे. वाहतुकीचा अभ्यास करणारी एक संस्था होती. दरवर्षी थंडीत, ठरलेल्या चौकांत, सकाळ-संध्याकाळ उभं राहून सायकली मोजायच्या. देवीदासजी गेले. मोजणीचं काम बघणारी माहेनूर ही तिशीच्या आतली इंजिनिअर मुलगी होती. वलगाव रोडवर राहायची आणि घरी उर्दू, बाहेर अस्सल वऱ्हाडी बोलायची.

"काकाजी, तुमी सायकल चालवता का?" तिनं विचारलं.

"नोकरी लागली त्या दिवशी सोडली."

"काहून?"

देवीदासजींनी नुसता हात उडवला. त्याचं कारण सांगण्यासारखं नव्हतं. भातकुलीकडच्या त्यांच्या गावातून हायस्कूल लांब होतं. घरात एकच सायकल. चेनचं ग्रीस पायजम्याला लागून उजवा पाय कायम काळा असायचा. त्याचंही काही नाही. पण एका नातेवाइकाच्या लग्नात मांडवातली बर्फाची लादी संपली तेव्हा कुणीतरी ओरडलं होतं, "त्या सायकलवाल्याले पाठवा!" जेवायला बसलेले देवीदास ताटावरून उठले आणि बर्फ आणायला गेले. परत आले तेव्हा पंगत उठली होती. त्यानंतर त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं, सायकल असलेल्या माणसाला कुणीही काम सांगू शकतं. एसटीचा खाकी ड्रेस अंगावर चढला त्या दिवशी सायकल धाकट्या भावाला दिली. पुढे मोटारसायकल घेतली, आणि कोपऱ्यावरून दूध आणायचं तरी तिला किक मारू लागले.

त्यांना बडनेरा रोडवरचं एमआयडीसीचं वळण मिळालं. मुठीत मावणारं एक यंत्र दिलं होतं. सायकल दिसली की अंगठ्यानं दाबायचं. बायांचं बटण वेगळं, माणसांचं वेगळं. काम सोपं होतं, पण पहिल्या दिवशी त्यांना चुकचुकल्यासारखं झालं. आयुष्यभर त्यांनी माणसं मोजली होती, पण ती थांबवून. तिकीट फाडताना प्रत्येकाशी एखादा शब्द व्हायचा. कुठं चाललात, सुटे द्या, पोराला मांडीवर घ्या. इथं माणसं नुसती समोरून निघून जात होती.

पुरुष एकेकटे जायचे. खाली मान घालून, डबा कॅरिअरला लावून. बायकांचा मात्र जत्था यायचा. बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीतल्या दालमिलमध्ये काम करणाऱ्या बाया. सगळ्यांत पुढं जाईबाई. पन्नाशीची, अंगानं काटक, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट. तिसऱ्या दिवशी तिनं सायकल देवीदासजींसमोरच उभी केली.

"काय मोजून राहिले भाऊ?"

"सायकली."

"मोजून काय करान?"

"वाढल्या का कमी झाल्या, थे पाहू."

"अन् वाढल्या त मंग?"

मागच्या बाया हसल्या, जत्था पुढं गेला. जाईबाईला मोजायचं राहून गेलं होतं, ते त्यांनी मागाहून दाबलं.

दुसऱ्या वर्षी सायकली वाढल्या. सगळ्याच चौकांत वाढल्या, पण या वळणावर जास्त, आणि त्यातही बायका. माहेनूर खूश होती. तिच्या अहवालामुळे रस्त्याच्या कडेनं सायकलींसाठी पांढरा पट्टा मारला गेला. त्या वर्षी मोजणीबरोबर एक प्रश्नावलीही होती, सायकलचा फायदा काय होतो याची. पेट्रोल वाचतं, तब्येत चांगली राहते, वेळ वाचतो, हवा चांगली राहते. जे लागू असेल त्यावर खूण करायची. बायांनी सगळ्यांवर खुणा करून दिल्या आणि मिलचा भोंगा व्हायच्या आत निघून गेल्या. देवीदासजींना त्या खुणा खोट्या वाटल्या नाहीत, पण खऱ्याही वाटल्या नाहीत. लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर रीत म्हणून नाव लिहावं तशा त्या होत्या.

तिसऱ्या वर्षी बाया आल्याच नाहीत.

पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, मिलला सुटी असेल. मग दुसरा दिवस गेला, आठवडा गेला. पुरुष येत होते, शाळेच्या मुली येत होत्या, पण तो जत्था नव्हता. पांढऱ्या पट्ट्यावर संत्र्यांच्या हातगाड्या आणि उभ्या कार होत्या. देवीदासजींनी आकडे नेऊन माहेनूरपुढं ठेवले.

"सोडली त्यायनं सायकल," ते म्हणाले. "स्कूट्या घेतल्या असतीन. ज्याले जमते थो सायकल सोडतेच."

माहेनूरनं मागच्या वर्षीचे आकडे काढून शेजारी ठेवले. "असंनही. पण आपल्याले माहीत नाही ना काकाजी."

"मी सांगून राहिलो ना तुले."

"तुमी सोडली, म्हणून त्यायनं बी सोडली?"

ती हे टोचून बोलली नव्हती. खरंच विचारत होती. देवीदासजी मात्र दुखावले. नंतर तिनं सांगितलं की हा आकडा असाच गेला तर पट्टा मारून उपयोग झाला नाही असं ठरेल आणि पुढच्या रस्त्यांचं काम थांबेल. "थांबलं त थांबू द्या. पण खरं असलं पायजे. तुमी एकदा वस्तीत जाऊन येता का?"

रविवारी देवीदासजी मोटारसायकलवर जुन्या वस्तीत गेले. जाईबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं त्यांना लगेच ओळखलं.

"काय भाऊ, आज घरी येऊन मोजता का?"

"तुमी दिसल्या नाई म्हणून आलो. सायकली इकल्या का?"

जाईबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तुमाले कोणी सांगतलं नाही? गंगूबाईचं?"

पावसाळ्यात, त्याच वळणावर, पट्ट्यावर एक मालाचा ट्रक उभा होता. म्हणून जत्था रस्त्याच्या मधून चालला होता. मागून आलेल्या टिप्परचा धक्का गंगूबाईला लागला. ती वाचली, पण मांडीचं हाड मोडलं, सळई टाकावी लागली. दुसऱ्या दिवसापासून कुणीच सायकलनं त्या रस्त्यानं गेलं नाही. आठ-दहा दिवसांनी सगळ्या रेल्वेलाइनच्या कडेच्या पांदणीनं, बैलगाडीच्या कच्च्या वाटेनं, जाऊ लागल्या. वाट दुपटीनं लांब, अंधारी, पावसानं खोदलेली. पण तिथं टिप्पर येत नव्हता.

आपण माहेनूरला किती खात्रीनं सांगत होतो, ते देवीदासजींना आठवलं.

"उद्या सकाळी येजा," जाईबाई म्हणाली. "पाहून घ्या आमी जातो का नाही. पण फटफटी आणू नका. चाकोरीत चाक अडकते."

"मंग काय पायी येऊ?"

जाईबाईनं शेजारच्या अंगणाकडे बोट केलं. भिंतीला एक लेडीज सायकल टेकवलेली होती. पुढचा मडगार्ड वाकलेला, बाकी धडधाकट. "गंगूबाईची हाय. थे काही आता बसत नाही. इचारते मी तिले."

सकाळी देवीदासजी चाळीस वर्षांनी सायकलवर बसले, तेही बायकांच्या. पहिल्या दहा पावलांत दोनदा झोकांडले. बाया हसून हसून थांबल्या. "भाऊ, हँडल सोडा जरासं, थे पळून नाही जात!" असं कुणीतरी ओरडलं. मग हळूहळू तोल आला. लाइनच्या कडेला बाभळी होत्या, त्यापलीकडे तुरीचं शेत, त्यावर धुकं. जत्था दोन-दोनच्या ओळीनं चालला होता आणि सगळ्या बोलत होत्या.

देवीदासजींनी मोजायचं ठरवलं होतं, पण ऐकण्यातच मोजणी राहून गेली. एकीच्या सुनेनं मोबाइल फोडला होता. एकीला मिलच्या मुकादमानं शिवी दिली होती, आणि त्याला काय उत्तर द्यायचं यावर सगळ्या मिळून विचार करत होत्या. रागिणी नावाची एक नवी लग्न होऊन आलेली मुलगी होती. ती नक्कल करून दाखवायची, मुकादमाची, सासूची, डॉक्टरची. देवीदासजींनी तिला आदल्या वर्षी वळणावर पाहिलं होतं. प्रश्नावली भरताना ती मान वर करत नव्हती.

चढावर सगळ्या उतरून चालू लागल्या तेव्हा त्यांनी जाईबाईला विचारलं, "ही वाट एवढी लांब. ऑटो काहून नाही करत? चार-चार जणी मिळून?"

"करून पायला. गंगूबाईच्या वेळी आठ दिवस ऑटोनं गेलो." तिनं सायकल एका खड्ड्यातून वर ओढली. "भाऊ, घरी असली का सैपाक, पोरं, पाणी. मिलमध्ये गेली का मुकादम. ऑटोत बसली का ऑटोवाला सांगते, सरकून बसा, थांबा, उतरा. ह्या वाटेवर मले कोणी काम सांगत नाही. ह्या सायकलवर मी कोणाची कोणी नसते."

देवीदासजी एकदम थांबले. मागची सायकल त्यांना येऊन लागली.

त्यांच्या मनात बर्फाची लादी आली, ताट आलं. एवढी वर्षं ज्या गोष्टीमुळे त्यांना कुणीही हुकूम सोडू शकतं असं वाटत होतं, त्याच गोष्टीवर ही बाई हुकमातून बाहेर पडत होती. दोन्ही खरं होतं. ते त्यांना नीट मांडता आलं नाही, आणि पुढं उतार लागल्यानं मांडायची वेळही आली नाही.

सगळ्याच पांदणीनं जात होत्या असंही नव्हतं. एकीनं खरंच स्कूटी घेतली होती आणि ती मजेत होती. दोघींच्या घरच्यांनी अपघातानंतर कामच बंद करवलं होतं. हे सगळं देवीदासजींनी माहेनूरला सांगितलं, पण त्याआधी म्हणाले, "माझं चुकलं पोरी. थोडंसं बरोबर होतं, पण बरंचसं चुकलं."

माहेनूरनं पांदणीवर मोजणीचं नवं ठिकाण घेतलं. दोन्ही वाटा मिळून आकडा आधीच्या वर्षाच्या जवळ आला. अहवालावरच्या बैठकीत ती देवीदासजींना बरोबर घेऊन गेली. तिथं रस्त्यांचं काम बघणाऱ्या एका साहेबांनी आकडे पाहून समाधानानं मान हलवली. "म्हणजे त्यांनी त्यांचा रस्ता शोधला. मग मोठ्या रस्त्यावर पट्ट्याची गरजच काय?"

"सर, त्या भीतीनं तिकडं गेल्या आहेत," माहेनूर म्हणाली. "ही वाढ नाही आणि घटही नाही. हे पळणं आहे. ते मी वेगळं लिहिलं आहे."

साहेबांनी ते पान काढून वाचलं. वाईट माणूस नव्हता. पांदणीवर मुरूम टाकता येईल, दिवे लावता येतील, असं ते म्हणाले. वळणावरच्या उभ्या गाड्यांचं मात्र पोलिसांशी बोलावं लागेल. बैठक संपताना देवीदासजी एवढंच म्हणाले, "साहेब, घरी बसल्या त्या दोघी अन् गंगूबाई कोणत्याच वाटेवर मोजल्या गेल्या नाहीत." माहेनूरनं तेही लिहून घेतलं.

उन्हाळ्याआधी मुरूम पडला. दिवे अर्ध्या वाटेपर्यंत लागले, उरलेले अजून लागायचे आहेत. वळणावर गाड्या तशाच उभ्या राहतात. गंगूबाई आता काठी न घेता चालते आणि मिलमध्ये बसून निवडायचं काम करते. ती ऑटोनं जाते. सायकल तिनं भाचीला देऊन टाकली.

देवीदासजींनी जुनी सायकल घेतली. लीलाबाईंना वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. सायकलीनं तब्येतीत काय फरक पडतो याच्या अभ्यासासाठी संस्थेनं त्यांचीही रक्तातली साखर तपासली, आधी आणि सहा महिन्यांनी. फारसा फरक पडला नव्हता. मधुमेहाच्या गोळ्या चालूच राहिल्या. देवीदासजींनी माहेनूरला हसत विचारलं, "मंग माह्या नावापुढं फायदा काय लिहिशीन?" ती म्हणाली, "साखर होती तेवढीच आहे, असंच लिहीन." त्यांना ते आवडलं.

यंदाच्या थंडीत ते पांदणीवर उभे होते. प्रश्नावली बदलली होती. खुणा करायच्या ओळींखाली माहेनूरनं एक मोकळी जागा ठेवली होती, "या वाटेवर तुम्हाला काय मिळतं?" जत्थ्यात रागिणी थोडी मागं राहिली होती. देवीदासजींनी तिला थांबवून तो प्रश्न वाचून दाखवला.

तिनं एक पाय जमिनीवर टेकवला आणि विचार केला. पुढं गेलेल्या बायांचं बोलणं ऐकू येत होतं, कुणीतरी तिचं नाव घेऊन हाका मारत होतं.

"सांगू?" ती म्हणाली.

"सांग ना."

ती हसली. "नाई, राहू द्या काकाजी. थे लिहायचं नाही." आणि पायडल मारून निघाली.

देवीदासजींनी यंत्रावरचं बायांचं बटण एकदा दाबलं. प्रश्नावलीतली ती जागा त्यांनी मोकळीच ठेवली, आणि पुढच्या सायकलीकडे पाहिलं.