श्वेचा संडास

फानकाकूंनी उभ्या जन्मात कागदाची किती घरं बांधली, त्याला गणती नाही. ज्वारीच्या ताटांचा सांगाडा, वर रंगीत कागद आणि दारावर मेलेल्याच्या नावाची चिठ्ठी. जाळलं की घर त्याला पोचतं. चिठ्ठी नसली तर बेवारशी भुतं ते वाटेतच पळवतात. सरकारनं या धंद्यावर बंदी घातली, काकूंनी दुकानाला पडदा लावला, आणि दोघांचं बरं चाललं होतं.

या खेपेचं घर मात्र गिऱ्हाइकाचं नव्हतं. काकूंचा नवरा श्वे जाऊन आज तीन वर्षं होत होती, आणि तिसऱ्या वर्षाचं घर त्याच दिवशी पोचवावं लागतं. श्वेचा जन्म गेला गोठलेल्या अंगणापलीकडच्या संडासाकडे कुडकुडत धावण्यात. घरात संडास हवा, हे एकच पालुपद मरेपर्यंत. म्हणून काकूंनी घर दुमजली केलं, आणि आत ठेवायला पांढऱ्या पुठ्ठ्याचा झकास कमोड. पाणी सोडायच्या साखळीसकट.

सकाळीच तपासनीस लिआंग आला आणि सगळं उचलून कचेरीत घेऊन गेला. काकू तणतणत त्याच्या मागोमाग.

"माल कुणाचा?" लिआंगनं फॉर्म काढला.

"आमच्या ह्यांचा. श्वे युन्हे, मुक्काम शिगोउ."

"सध्या कुठे असतात?"

"टेकडीवर. पुरलंय तिथे."

लिआंगनं नाव-गाव लिहिलं, शिक्का मारला आणि कागद घराच्या दारावर चिकटवला.

"आता याचं काय करणार?" काकूंनी विचारलं.

"नियमाप्रमाणे नष्ट करणार. आजच जाळतो."

काकूंचा राग कुठल्या कुठे पळाला. नाव झालं, गाव झालं, दिवस आजचाच, वर सरकारी शिक्का. आता भुतांची काय बिशाद होती हात लावायची?

अंगणात घर मांडल्यावर लिआंगनं कमोड बाजूला काढला. "हा घेऊन जा. बंदीच्या यादीत घरं आहेत, गाड्या आहेत, नोकरचाकर आहेत. संडास नाही."

एकटा कमोड मागाहून जाळायचा तर तो जाळताना पकडणार हाच.

"साहेब, जप्त करा हो. अंधश्रद्धा आहे ती."

"संडास? सरकारच घरोघरी बांधा म्हणतंय."

"जित्या माणसांना म्हणतंय. मेलेला माणूस कधी कमोडवर बसतो का? शुद्ध खुळचटपणा आहे माझा. दंड करा मला."

बोलता बोलता काकूंचे डोळे भरून आले, आणि त्याचा त्यांना फार राग आला.

लिआंगनं अंगणापलीकडे पाहिलं. कचेरीचा संडासही तिथेच होता. त्यानं पेन काढून 'इतर' या रकान्यात 'कमोड, नग एक' लिहिलं, आणि कमोड घराच्या तळमजल्यावर ठेवला.

"वर ठेवा," काकू म्हणाल्या. "निजायच्या खोलीशेजारी. गुडघे दुखतात त्यांचे."

लिआंगनं तो उचलून वर ठेवला आणि काडी ओढली.