मिस्त्रींच्या फुल्या

आयुष्यात सगळ्यात मोठा सुटकेचा श्वास कुठं सोडलास, असं कुणी विचारलं तर मी सांगतो, आजऱ्यात, काजूच्या एका शेडमध्ये, टरफलांच्या ढिगाशेजारी उभं राहून. ऐकणाऱ्यांना वाटतं, हा काजूंत बुडाला असणार आणि वर आला असणार. तसं काही नाही. मी फुल्यांमुळं बुडणार होतो आणि फुल्यांमुळंच वर आलो.

उचगावात आमचा छोटा कारखाना होता. आमचा म्हणजे अण्णांचा. मी तिथं नोकर. काजूबी फोडायची यंत्रं आम्ही बनवत असू. प्रत्येक यंत्राबरोबर एक माहितीपुस्तिका जायची आणि ती लिहिणारा तो मी. यंत्र कसं बसवायचं, कसं चालवायचं, काय मुळीच करायचं नाही. मला यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. कळायचं ते मिस्त्रींना. ते बोलायचे आणि मी फुलस्केपवर उतरवून घ्यायचो. त्यामुळं ते मला ‘मास्तर’ म्हणत.

मिस्त्रींच्या बोलण्याची एक रीत होती. साधी गोष्ट ते साधीच सांगत. “खटका दाबा. मोटर चालू व्हती.” झालं. पण जिथं कुणाचं बोट जायची भीती असेल तिथं ते वाक्य सुरू करताना एक शिवी देत आणि संपवताना दुसरी. मधल्या वाक्यात एक वावगा शब्द नसे. राग तर मुळीच नसे. दोन शिव्यांच्या मधे ते वाक्य असं बसवलेलं असायचं, जसं दोन बोल्टांच्या मधे पातं.

आता सभ्य मराठी माणूस शिवी कागदावर लिहीत नाही, तिथं फुल्या मारतो. मीही तेच करी. तीन फुल्या, मग वाक्य, मग तीन फुल्या. पक्की प्रत करताना त्या काढून टाकायच्या. तोवर त्यांचा मला उपयोगच व्हायचा. फुल्या दिसल्या की समजायचं, इथं मिस्त्री गंभीर आहेत.

आजऱ्याला पहिलं यंत्र गेलं त्याची पुस्तिका मी कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर केली होती. काय तिचा थाट! मथळे मोठे, चौकटी दुहेरी. एक चित्र हलवलं की मजकूर खालच्या पानावर उडी मारायचा आणि मजकूर वर ओढला की चित्र बेपत्ता व्हायचं. महिनाभर मी या दोघांची भांडणं सोडवत होतो. शेवटी फाइल छापखान्यात गेली. तिथं माझा मराठी फॉन्टच नव्हता. छापखानेवाल्याला वाटलं, यंत्राची काही खास भाषा असेल. त्यानं मन लावून शंभर प्रती छापल्या.

आठवड्याभरात आजऱ्याच्या बाई कारखान्यात येऊन उभ्या राहिल्या. त्यांची शेड होती, तिथं पंधरा बायका कामाला. त्यांनी पुस्तिका माझ्यापुढं टाकली.

“पावणं, ह्यातली येक वळ वाचून दावा.”

मी पुस्तिका सरळ धरली, उलटी धरली.

“माझ्या येका बाईचा पदर पट्ट्यात गेला,” बाई म्हणाल्या. “दुसरीनं खटका वडला म्हणून वाचली. पदर आवळून बसा, येवढं लिवायचं हुतं की!”

“लिहिलंय, मावशी.”

“कुठं?”

मी जिथं बोट ठेवलं तिथं एक डॉलर, दोन कंस आणि एक प्रश्नचिन्ह होतं.

त्या क्षणी मला हसू आलं नाही. आजही त्या डॉलरच्या आठवणीनं येत नाही.

बाई अण्णांकडं वळल्या. “नवं पुस्तक आणा. माझ्या बायकांनी त्ये वाचून, तुमच्या मिस्त्रीबिगर मशीन चालवली तर ठिवते. न्हायतर मशीन आन ह्यो मास्तर, दोनी घिऊन जावा.”

अण्णा सात्त्विक माणूस. गळ्यात लिंग, पूजा झाल्याशिवाय चहा नाही, आणि कुणाच्या तोंडून वावगा शब्द निघाला की “शिव शिव” म्हणून कानाला हात लावणार. मिस्त्रींशी बोलताना तर त्यांचा हात कानावरून खालीच येत नसे. त्या दिवशी ते मला एवढंच म्हणाले, “या खेपेला चुकलं तर तू उद्यापासून दुसरीकडं काम बघ.” आवाज चढवला नाही, त्यामुळं जास्त घाबरलो.

माझी धाकटी बहीण पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिला कारखान्यातून फोन लावला.

“दादा, तू सजावट करत बसतोस आणि लिहायचं राहतं,” ती म्हणाली. “साध्या मजकुराची फाइल उघड. आता नवी मराठी अक्षरं आलीत, ती कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच राहतात. त्यात नुसतं लिही. मथळा असेल तर ओळीच्या आधी हॅश. यादी असेल तर आडवी रेघ, नाहीतर आकडा आणि टिंब. फाइल मला पाठव. माझ्याकडं एक प्रोग्रॅम आहे, तो त्या खुणा वाचून पानं मांडतो.”

“आणि चौकटी?”

“चौकटी विसर. आणि हे बघ, एखादं वाक्य—”

तेवढ्यात मागं ग्राइंडर सुरू झाला. तिनं तिसरी खूण सांगितली ती त्यात गेली. मी “हो हो, कळलं” म्हणालो. आपण सगळेच म्हणतो.

लिहायला बसलो आणि काय सांगू, सुट्टी लागल्यासारखं वाटलं. चित्रांची उडी नाही, अक्षर लहान की मोठं ही चिंता नाही. हॅश मारला की मथळा, रेघ मारली की यादी. पहिला नमुना बहिणीनं तपासला, तर पायऱ्यांची यादी सगळी एकाच परिच्छेदात वाहून गेली होती. मी आकडे देवनागरीत टाकले होते.

“त्याला आपला एक कळत नाही, दादा. इंग्रजी एक लाव.”

“इतका शहाणा प्रोग्रॅम आणि पहिलीतला एक येत नाही?”

“तुला तरी पट्ट्यातलं काय येतं?”

आकडे बदलले. मिस्त्री शेजारी बसून सगळं नव्यानं सांगत होते, मी थेट टाइप करत होतो. पूर्ण झालं तसं इंटरनेट कॅफेत जाऊन फाइल पाठवून दिली. बहीण कामात होती. तिनं स्पष्ट सांगितलं, “या खेपेला वाचत बसणार नाही. प्रोग्रॅममधून काढून सरळ तुमच्या छापखान्याला पाठवते.” छापखान्यानं गठ्ठा कागदात बांधून, सुतळीची गाठ मारून आजऱ्याला निघायच्या सकाळी अण्णांच्या हातात दिला.

जीपमध्ये पुढं अण्णा, त्यांच्या मांडीवर गठ्ठा. मागं मी. मिस्त्रींना बाईंनी येऊ नका म्हणून सांगितलं होतं, ते कारखान्यातच थांबले. उत्तूरच्या पुढं एक म्हैस रस्त्यात आडवी आली आणि ड्रायव्हरनं तिला मनापासून एक शिवी हासडली.

“शिव शिव,” अण्णा म्हणाले.

आणि मला आठवलं. फुल्या! मी फुल्या काढल्याच नव्हत्या. कागदावरून पक्की प्रत करताना काढायची सवय होती. या खेपेला कागदच नव्हता. मिस्त्रींची शिवी आली की माझी बोटं आपोआप तीन फुल्या, म्हणजे आठाच्या आकड्यावरची ती चांदणी तीनदा, टाइप करत गेली, आणि तशीच फाइल पुण्याला गेली. फुल्या म्हणजे काय हे महाराष्ट्रात लहान पोरालाही कळतं. पंधरा बायकांच्या हातात मी फुल्याफुल्यांची पुस्तिका देणार होतो, आणि ती अण्णांच्या मांडीवर होती.

“अण्णा, गठ्ठा मी धरू का? तुम्हाला जड होत असेल.”

“नको, बरा हाय.”

“जरा चाळून बघतो.”

“बाईंच्या हातानंच उघडू की. शुभ असतं.”

आजरा येईपर्यंत मी मनातल्या मनात सात वेगवेगळे राजीनामे लिहिले.

शेडमध्ये बायका रांगेनं बसल्या होत्या, टरफलाच्या तेलानं कातडी जळू नये म्हणून हाताला राख चोळून. बाईंनी सुतळी तोडली, एक पुस्तिका काढली आणि समोरच्या बाईकडं दिली. “तू चौथी शिकलीस न्हवं? वाच मोठ्यानं.” मी टरफलांच्या ढिगाकडं सरकलो. गरज पडली तर आत शिरता आलं असतं.

ती बाई वाचू लागली. “एक. यंत्र सपाट जागी ठेवा. दोन. खटका बंद आहे याची खात्री करा.” मग थांबली. पान डोळ्यांजवळ नेलं. मी डोळे मिटले.

“ह्ये काळं मोठं लिवलंय बगा,” ती म्हणाली, आणि आवाज चढवून वाचलं, “‘पदर खोचल्याशिवाय पट्ट्याजवळ बसू नका.’”

पुढं फुल्या आल्या नाहीत. तिनं पुस्तिका खाली ठेवली, पदर खोचला. शेजारणीनं खोचला. रांगेतल्या सगळ्यांनी खोचला. तिनं पान उलटलं. “‘बांगड्या वर सारा.’ ह्ये पन काळं हाय.” बांगड्या कोपरापर्यंत गेल्या. “‘बी अडकली तर आधी खटका बंद, मग हात.’” मग तिनं खटका दाबला आणि यंत्र चालू झालं.

मी गठ्ठ्यातली एक पुस्तिका ओढली. एकही फुली नाही. जिथं जिथं मिस्त्रींनी वाक्याच्या दोन्ही टोकांना शिवी दिली होती तिथं नेमकं तेवढंच वाक्य जाड, काळं, जरा तिरकं. साधी वाक्यं साधीच.

बाई यंत्राकडं बघत राहिल्या. बी अडकली तेव्हा त्या चौथी शिकलेल्या बाईनं आधी खटका बंद केला, मग हात घातला. बाई म्हणाल्या, “मशीन ऱ्हाऊ दे. मास्तरबी ऱ्हाऊ दे.” मग अण्णांना म्हणाल्या, “ही काळी अक्षरं लई ब्येस केलासा. कुनाचं डोस्कं?”

अण्णांनी अभिमानानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, “मिस्त्रींचं.” ते अगदी खरं होतं. आणि तिथं श्वास सोडला, तो असा की समोरची टरफलं हलली.

कारखान्यात परतल्यावर आधी बहिणीला फोन. “तीच तर तिसरी खूण!” ती ओरडली. “दोन्ही बाजूंना फुल्या लावल्या की मधलं ठळक. तू म्हणालास ना, कळलं म्हणून?”

मिस्त्रींना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी पुस्तिका घेऊन पान न पान चाळलं.

“म्हंजी माझ्या शिव्या छापल्या न्हाईत?”

“तुमच्या शिव्यांची शाई झाली, मिस्त्री.”

त्यांना ते आवडलं असावं. पुढच्या यंत्राची पुस्तिका सांगायला बसले तेव्हा वाक्य अर्ध्यावर थांबवून त्यांनी मला विचारलं, “मास्तर, हितं काळं पायजे का रं?” मी हो म्हणालो. त्यांनी अण्णांच्या खोलीचं दार बंद आहे ना ते वाकून पाहिलं, आणि मग निवांतपणे वाक्याच्या दोन्ही टोकांना एकेक देऊन टाकली.