स्वरदाने कबूल केलेली चूक

माझ्या सुनेला कुणी निष्काळजी म्हटलं की माझं डोकं फिरतं. आणि आता तर तिचं अख्खं ऑफिस म्हणतंय.

स्वरदाची कंपनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, चिनहटला, पण ती काम करते आमच्या वृंदावन योजना वसाहतीतल्या घरातूनच. मुलगा आदेश हवाईदलात, सध्या लांब पोस्टिंगवर. घरात आम्ही दोघीच. मी बँकेतून रिटायर झालेली, खोदून खोदून विचारायची सवय जात नाही, म्हणून तिचं काम मला थोडंफार कळतं. काही खाजगी रुग्णालयांमध्ये रक्ताच्या पिशव्या कुठे किती आहेत, हे ठिकठिकाणच्या जुन्या सर्व्हरना ठाऊक असतं. डॉक्टरांसमोरचा नवा प्रोग्राम मात्र हास्केल नावाच्या भाषेत. या दोघांचं बोलणं जुळवून देणारा पूल स्वरदाने बांधला. वर्षभर राबली पोरगी.

आता या हास्केलचा स्वभाव असा, की एका प्रश्नाला उत्तर कायम एकच. दोन अधिक दोन परत कशाला मोजायचे? गणितात ठीक आहे हो. पण पिशवी शिल्लक आहे का, याचं उत्तर सकाळी एक आणि दुपारी दुसरं. म्हणून स्वरदाने खूण करून ठेवली होती: हे उत्तर बदलतं, दर वेळी सर्व्हरला नव्याने विचार.

तिचे साहेब निगमजी यांना डेमोत ते सावकाश वाटलं. त्यांनी ती खूण परस्पर काढून टाकली. प्रोग्राम पटापट चालायला लागला, टाळ्या पडल्या. आणि इथल्याच सरोजिनी नगर भागातल्या एका बाळंतिणीसाठी पिशवी आहे म्हणून सांगितलं गेलं, जी सकाळीच दुसऱ्या पेशंटला दिली होती. बाई वाचली, पण मरणाच्या दारातून.

स्वरदाने कारण शोधलं. दुरुस्ती करायला निगमजींची मंजुरी लागते, म्हणून तिने फोन लावला. स्पीकर चालू होता, मी तिथेच सब्जी निवडत होते. हा गृहस्थ म्हणतो कसा, रुग्णालयाच्या मीटिंगमध्ये चूक तुझी म्हणून सांग, मी आत्ता मंजुरी देतो. नाहीतर चौकशी होऊ दे, तोवर प्रोग्राम आहे तसा चालेल. काय हा निलाजरेपणा! वर आवाजात साखर, बेटा-बेटा. मी हातवारे करून तिला नको नको म्हणत होते.

ती मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणाली, "गलती मेरी थी."

दुरुस्ती त्याच दिवशी झाली. तिला त्या कामावरून काढलं, आणि पूल आता निगमजींच्या नावाने मिरवतोय. मी तिला फाडफाड बोलले. अगं, वरच्यांकडे जायचंस, भांडायचंस, तोंड नव्हतं का तुला?

ती म्हणाली,

"आई, मी भांडत बसले असते, तर तोवर ते जुनंच उत्तर देत राहिलं असतं. आणि विचारणाऱ्याला ते खरं वाटलं असतं."

तिचं मला पटलं. पण निगमजींवरचा राग मी सोडणार नाही, तिने सोडला तरी.