दोन पायऱ्या गडद

प्रेसमध्ये त्यांना स्वतःच्या नावाने कोणी हाक मारून वीस-बावीस वर्षं झाली होती. मालकांपासून कटिंग मशीनवाल्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच, नजरवाले. दोन करड्या रंगांमधला जो फरक तुम्हाआम्हाला चष्मा पुसून पुसूनही दिसायचा नाही, तो या माणसाला जाता जाता दिसायचा. छापायला आलेल्या प्रत्येक फोटोवर आधी त्यांचा हात फिरायचा. कुणाचे दात पांढरे कर, कुणाच्या डोळ्यांखालची वर्तुळं घालव, असली कामं. त्यांच्या खोलीच्या भिंती करड्या, टेबल करडं, अंगातला कोटसुद्धा करडा. रंगीत शर्टाची झाक पडद्यावर पडली की नजर फसते, म्हणून. लग्न झाल्या झाल्या बायको एकदा खोली बघायला आली आणि म्हणाली, "अहो, हे ऑफिस आहे की उंदराचं बीळ?"

माणूस स्वतः काळा होता. सावळा-बिवळा नाही, चांगला काळा. आजोबा कधीतरी लांबून कामासाठी या शहरात आले, इथेच राहिले, इथेच गेले. तीन पिढ्या झाल्या तरी लोकांचं "मूळचे कुठले तुम्ही?" काही संपलं नाही. शाळेच्या ग्रुप फोटोच्या वेळी फोटोग्राफर म्हणाला होता, "तू आपला हसत राहा रे, म्हणजे सापडशील तरी." सगळा वर्ग हसला. हेही हसले. पण ते आत कुठेतरी रुतून बसलं. पुढे या धंद्यात आल्यावर बाकीच्यांना जे कधी जमलं नाही ते त्यांनी हट्टाने शिकून घेतलं. काळा चेहरा कागदावर नीट आणायचा. गालाच्या हाडावरचा उजेड राखायचा, सावली जराशी उघडायची, आणि रंग मात्र त्या माणसाचा तोच ठेवायचा. त्यांच्या वस्तीत घरोघरी भिंतीवर जे फोटो आहेत त्यातले निम्मे यांच्या हाताखालून गेलेले. त्यांना याचा अभिमान होता, आणि का नसावा?

आता त्यांच्या कामातली एक पद्धत सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिथूनच झाला. प्रत्येक फोटोच्या कडेला ते बारा पायऱ्यांची एक पट्टी ठेवत, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत. गिऱ्हाईकाने जे सांगितलं असेल ते पट्टीशेजारी स्वतःच्या अक्षरात लिहीत. चेहरा एक पायरी उजळ, कोट अर्धी पायरी गडद, असं. छापणाऱ्याला ताळा बघता यावा म्हणून. हे सगळं कापायच्या रेघेच्या बाहेर. छपाई झाली की कटिंग मशीनखाली कड उडायची आणि कचऱ्यात जायची. त्याआधी कडेसकट एक प्रूफ गिऱ्हाईकाकडे जायचं, गिऱ्हाईक त्यावर 'पास' लिहून सही करायचं, आणि ते प्रूफ थेट मालकांच्या खोलीतल्या ड्रॉवरमध्ये. नजरवाल्यांच्या हातात सही झालेला कागद कधी यायचाच नाही. त्यांना फक्त टाईप केलेली चिठ्ठी मिळायची, काय करायचं तेवढी.

निवडणूक लागली होती. शहरात दोन पक्ष. एकाचं ऑफिस चौकात, दुसऱ्याचं पुलाजवळ, म्हणून लोक त्यांना चौकवाले आणि पूलवाले म्हणत. दोघांचीही पोस्टरं याच प्रेसमध्ये छापली जायची. पूलवाल्यांनी या खेपेला एक काळी बाई उभी केली होती, शाळेत मुख्याध्यापिका असलेली, शांत, ठाम बोलणारी. चौकवाल्यांकडून तिच्याविरुद्धचं पोस्टर आलं. वर तिचा फोटो, खाली 'शहर यांच्या हाती द्यायचं?' चिठ्ठीत लिहिलं होतं, चेहरा दोन पायऱ्या गडद, डोळे लालसर.

आणि त्यांनी ते केलं. अर्ध्या तासाचं काम. त्या दिवशी त्यांची दाढ ठणकत होती आणि सगळं लक्ष दाढेकडे होतं. जो माणूस आयुष्यभर काळे चेहरे उजेडात आणत बसला, त्याने एका बाईचा चेहरा गालाच्या हाडावरच्या उजेडासकट बुडवला आणि पट्टीशेजारी लिहिलं, चेहरा दोन पायऱ्या गडद. मला विचाराल तर इथे त्यांचं चुकलंच. काम म्हणजे काम, हे म्हणायला सोपं आहे. पण हात त्यांचाच होता ना?

कटिंग मशीनवर एक गठ्ठा चुकीच्या रेघेवर कापला गेला. आतल्या रेघेऐवजी बाहेरच्या. पन्नासेक पोस्टरं कडेसकट भिंतीवर लागली. त्या बाईचा बुडवलेला चेहरा, शेजारी बारा पायऱ्यांची पट्टी, आणि नजरवाल्यांच्या स्वच्छ अक्षरातली ती सूचना. सोमवारी सकाळी कुणीतरी फोटो काढला. दुपारपर्यंत तो गावभर फिरला.

मग काय विचारता! पूलवाले रस्त्यावर आले. वर्णद्वेष, वर्णद्वेष म्हणून आकाश डोक्यावर घेतलं. चौकवाले म्हणाले, आम्हाला शिकवता? गेल्या वर्षी तुमच्या माणसाने आमच्या उपाध्यक्षाला भर सभेत 'बाहेरून मागवलेला माल' म्हटलं, तेव्हा कुठे होतात? त्यावर पूलवाले म्हणाले, आणि तुमच्या त्याने आमच्या ह्याला? दोघांनाही एकमेकांचं सगळं तोंडपाठ. स्वतःचं विचारलं की तेवढं नेमकं आठवत नव्हतं.

पूलवाल्यांच्या मोर्चात माईकवर जी पोरगी होती, ती नजरवाल्यांची. एकुलती एक. वकिलीच्या शेवटच्या वर्षाला, पक्षाच्या प्रचाराचं काम बघणारी, जीभ तलवारीसारखी, आणि बापासारखीच काळी. त्यांनी तिला दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोनवर पाहिलं. "ज्या हाताने हा चेहरा काळा केला," ती ओरडत होती, "तो हात आम्हाला हवा!" मागून गर्दी ओरडली, "काळं फासा! त्याच्या तोंडाला काळं फासा!" नजरवाल्यांच्या मनात आलं, माझ्या तोंडावर ते दिसणार कसं? त्यांचं त्यांनाच हसू आलं. मग डबा तसाच झाकून ठेवला.

त्या संध्याकाळी जेवताना पोरीने फोन त्यांच्यापुढे धरला.

"बाबा, तुम्ही धंद्यातले. हे कडेला काय लिहिलंय, सांगा ना."

"कुठल्याही प्रेसमध्ये लिहितात असं," ते म्हणाले. "ताळ्यासाठी."

"तुमच्याकडे पण?"

"सगळीकडे."

तिने दोन बोटांनी ती ओळ मोठी केली. अक्षर पडदाभर झालं. हेच अक्षर पहिलीपासून दहावीपर्यंत तिच्या प्रत्येक वहीच्या कव्हरावर होतं. ती बराच वेळ बघत राहिली. मग फोन पालथा ठेवून म्हणाली, "आई, भात वाढ." नजरवाल्यांनी सुटकेचा श्वास सोडला. नाही ओळखलं, बरं झालं. त्यांची बायको मात्र भात वाढता वाढता थांबली होती आणि एकदा लेकीकडे, एकदा नवऱ्याकडे बघत होती.

पुढचे दोन दिवस प्रेसमध्ये कोणी त्यांच्याशी धड बोललं नाही. कटिंग मशीनवाला जिन्यात समोरून आला आणि बाजूच्या दारात शिरला. कोणीतरी प्रेसच्या शटरवर कोळशाने एक हात काढून ठेवला होता, नुसता हात, खाली काही लिहिलेलं नाही. शुक्रवारी सकाळी मालकांनी आत बोलावलं.

"बसा, नजरवाले. एक पत्र तयार केलंय. वाचून घ्या."

पत्रात लिहिलं होतं की हे कृत्य मी स्वतःच्या मनाने, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, केलं.

"अहो पण मालक, चिठ्ठी आली होती. सही झालेलं प्रूफ असेल."

"प्रूफ-बिफ राहू द्या. दोन्ही पक्ष आपली गिऱ्हाइकं आहेत. उद्या मोर्चा इकडे यायच्या आत कोणाचं तरी नाव द्यायला हवं."

"मालक, मी असा दिसतो. मी मुद्दाम करीन हे?"

मालक खुर्चीत पुढे झुकले. वाईट माणूस नव्हता तो. आवाज अगदी समजुतीचा होता. "तेच तर बरं आहे ना. दुसऱ्या कोणाचं नाव दिलं तर वर्णद्वेष. तुम्ही केलंत तर त्याला वर्णद्वेष कोण म्हणेल? घरातलं भांडण म्हणतील. दोन दिवसांत विसरतील लोक."

नजरवाल्यांनी उद्या सकाळपर्यंतची मुदत मागितली. पत्र खिशात घातलं. दुपारी मालक जेवायला गेल्यावर ते त्या खोलीत शिरले आणि आयुष्यात पहिल्यांदा तो ड्रॉवर उघडला. चौकवाल्यांचं प्रूफ वरच होतं. 'पास', आणि खाली त्यांच्या प्रचारप्रमुखाची ठसठशीत सही. नजरवाल्यांनी सही दोनदा वाचली. सुटलो! पोरीला हे दाखवायचं, म्हणायचं, हा घे तुझा हात, माझा नुसता पगारी होता.

ते प्रूफ ओढताना खालचं दुसरं वर आलं. तीच बाई. दोन महिन्यांपूर्वीचं, पूलवाल्यांनी स्वतःच छापून घेतलेलं, हसरं पोस्टर. तेही काम त्यांनीच केलं होतं, विसरूनही गेले होते. कडेला त्यांचंच अक्षर, चेहरा दोन पायऱ्या उजळ. आणि 'पास'खाली त्यांच्या लेकीची सही. लायब्ररीचं कार्ड काढताना त्यांनीच तिच्याकडून ती वहीभर गिरवून घेतली होती.

दोन्ही प्रूफं कोटाच्या आत घालून ते घरी निघाले. बसमध्ये बसले नाहीत, उभेच राहिले, कागदाला घडी पडू नये म्हणून. वस्तीच्या तोंडाशी पोरं दोरीवर पूलवाल्यांचे झेंडे लावत होती. एकाने त्यांना बघून हात केला, "काका, उद्या येताय ना?" ते मान हलवून पुढे गेले.

पोरगी घरीच होती. चपलाही काढल्या नव्हत्या.

"बाबा, मी पहिल्याच दिवशी ओळखलं," ती म्हणाली. "तुमचं अक्षर मी नाही ओळखणार?"

त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणजे हिला ठाऊक होतं आणि तरी हिने बापाचं नाव घेतलं नाही! त्यांनी घाईघाईने चौकवाल्यांचं प्रूफ टेबलावर पसरलं. "हे बघ, बाळा. सही बघ कोणाची आहे. हे उद्या तू माईकवरून दाखव."

तिने त्या सहीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"नाही दाखवता येणार. तुमच्या मालकांचा फोन आला होता आमच्या ऑफिसला. हे बाहेर आलं तर ते दुसरं पण बाहेर येईल म्हणाले." ती थांबली. "दोन्हीकडून ठरलंय, बाबा. माणूस प्रेसचाच."

"दोन्हीकडून?"

"हो."

एरवी ज्यांचं गटाराच्या झाकणावरूनही जमत नव्हतं, त्यांचं यावर जमलं होतं. नजरवाले खुर्चीवर बसले.

"तू त्या बाईंना उजळ का करायला सांगितलंस?"

"ते वेगळं आहे."

"कसं वेगळं?"

"आम्ही आमच्या माणसाचं केलं. ती निवडून यावी म्हणून केलं. लोक कसे आहेत तुम्हाला माहीत नाही का? त्यांनी द्वेषाने केलं, बाबा!"

"पायऱ्या तेवढ्याच होत्या," ते म्हणाले. "दोनच."

ती एक पाऊल पुढे आली, आणि एक क्षण त्यांना वाटलं की ही आता लहानपणीसारखी येऊन मांडीवर डोकं ठेवील. तिने हात पुढे केला.

"माझं प्रूफ कुठंय?"

त्यांनी कोटातून काढून दिलं. दुसरं काय करणार होते? वकिलीचं शेवटचं वर्ष, पुढचं सगळं आयुष्य, आणि सही तिची. तिने ते गुंडाळलं. मग टेबलावरचं दुसरंही उचललं, आणि त्यांनी तेही नेऊ दिलं.

"उद्या घराबाहेर पडू नका," ती दारात म्हणाली. "मोर्चा आपल्या गल्लीतून जाणार आहे."

"आपल्या गल्लीतून? तोवर माझं नाव जाहीर झालेलं असेल गं."

"मार्ग आधीच जाहीर झालाय. आता बदलला तर लोक विचारतील, का बदलला." तिने गुंडाळी बगलेत धरली. "मी पुढेच असेन, बाबा. मी बघते कोणी काही करणार नाही असं."

"आणि केलं तर?"

ती जिना उतरून गेली.

नजरवाल्यांनी खिशातलं पत्र काढलं, टेबलावर सरळ केलं आणि सही केली. बायको संध्याकाळभर आतून सगळं ऐकत होती. ती उठली, खणातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि स्टूल घेऊन दाराबाहेर गेली. नजरवाले स्टूल धरायला मागोमाग गेले. दाराशेजारच्या भिंतीवर त्यांच्या खऱ्या नावाची पाटी होती, घर घेतलं तेव्हा त्यांनीच मोठ्या हौसेने छापून लावलेली. तिने चारही स्क्रू काढले आणि पाटी त्यांच्या हातात दिली.

पाटीखालची भिंत आजूबाजूच्या भिंतीपेक्षा उजळ निघाली. कोरा चौकोन, जिन्याच्या तोंडापासून दिसेल असा. अख्ख्या जिन्यात बिनपाटीचं दार आता हे एकटंच होतं.

"लाव परत," ते म्हणाले.