काकांच्या साहेबाचं सुतक

अख्ख्या नेवासे तालुक्यात विलायतेतल्या एका सिनेमानटाची रोजच्या रोज काळजी वाहणारा माणूस एकच होता, आणि तो माझ्या मावशीचा नवरा होता. हे अभिमानानं सांगावं की संकोचानं, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. काका सोनईचे. थोडी जमीन, दोन बैल, एक म्हैस आणि ओंजळभर इंग्रजी शब्द, एवढी त्यांची इस्टेट. मोठ्या लढाईच्या काळात ते नगरच्या कॅम्पात एका तरुण गोऱ्या अधिकाऱ्याच्या बंगल्यावर कामाला होते. हा अधिकारी मूळचा नाटकवाला. संध्याकाळी तो काकांना समोर बसवून लांबलांब भाषणं म्हणून दाखवी. काकांना त्यातलं अक्षरही कळत नसे, पण साहेबाचा गळा दाटला की यांना रडू फुटे. "म्या रडलो न्हाई तर सायब पुन्ना पयल्यापासनं सुरू करायचा," काका सांगत. "मग म्या लवकर रडाया शिकलो. भांडी ऱ्हायलेली असायची ना!" लढाई संपली, साहेब मायदेशी गेला. पुढं कधीतरी नगरच्या बाजाराला गेलेल्या काकांना थेटराबाहेरच्या फोटोंत तो दिसला आणि त्या दिवसापासून "सायबाला नट म्या केला" हे वाक्य सोनईत कुणाला टाळता आलं नाही. न्हाव्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना ते पाठ होतं.

साहेबाच्या काही सवयी काकांना कायमच्या चिकटल्या होत्या. चहा ओतण्याआधी ते कपात कढत पाणी घालून तो शेकून घेत. मावशी म्हणे, "कपाला काय सर्दी झालीय?" बैल नीट चालला तर त्याला "व्हेरी गुड" म्हणत, आणि आश्चर्य म्हणजे तो बैल त्यावर खरोखरच मान हलवी. महत्त्वाचं काही बोलायचं असलं की ते आधी आरशासमोर उभं राहून म्हणून पाहत. एकदा शेजाऱ्याला बांध कोरल्याबद्दल झापायचं होतं. काकांनी सकाळभर तयारी केली, हातवारे ठरवले, कुठं थांबायचं ते ठरवलं. दुपारी गेले तर शेजारी परगावी गेलेला. काका तसेच माघारी फिरले नाहीत. त्यांनी ते सगळं भाषण शेजाऱ्याच्या म्हाताऱ्या आईसमोर केलं आणि ती म्हणाली, "लई ग्वाड बोलतोस रं बाबा. च्या घेतोस का?"

मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. नगरला खोली घेऊन राहत होतो. त्यामुळं रविवारी सकाळी कॅम्पाकडच्या थेटरात इंग्रजी खेळ लागला की काका पहिल्या एस.टी.नं माझ्याकडे हजर. मी सोबत असावं ते इंग्रजी समजावून सांगायला. खरं तर पडद्यावरचं इंग्रजी मला मुळीच उमगत नसे. काकांना त्याचा राग आला नाही. उलट तेच मला समजावून सांगू लागले. "आता सायब म्हनतोय, पोरीच्या जातीवर हात टाकू नगंस." आमचे साहेब नायक कधीच नसत. कधी डॉक्टर, कधी फौजदार, कधी बोटीचे कप्तान. ते पडद्यावर आले की काका उभे राहून हात जोडत. मागून आरोळी येई, "ए म्हाताऱ्या, बस की खाली! देवळात आलास व्हय?" आणि साहेब बहुतेक मध्यंतराच्या आत मरत. गोळी लागून, बुडून, नाहीतर खोकून खोकून. ते मेले की काका धोतर झटकून उठत. "चल. आपलं मानूस गेलं, आता हितं कुनासाठी बसायचं?" त्यामुळं मी पुष्कळ इंग्रजी सिनेमे पाहिले, पण त्यांचा शेवट मला विचारू नये.

त्यातून नगरला येणारे सिनेमे नवे-जुने कसेही येत. एका महिन्यात साहेबाचे केस पिकलेले, पुढच्या महिन्यात काळेभोर. काका प्रत्येक वेळी मनापासून हरखत. "बगितलंस? हवापालट मानवला त्याला." साहेब जज्जाच्या वेषात दिसले तेव्हा काकांनी पेढे वाटले. मी भीतभीत म्हणालो, "काका, ते सोंग असतं." तेव्हा ते म्हणाले, "मला का कळत न्हाई? पर सोंग बी मानूस बघूनच देत्यात. तुला देतील का जज्जाचं?" 

दुष्काळाच्या त्या वर्षी शालनचं, म्हणजे माझ्या मावसबहिणीचं, जामखेडला जमलं. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मी सोनईला निघालो. स्टँडवर शेंगदाणे घेतले आणि पुडी सोडली तर कागदावर साहेबाचा फोटो. इंग्रजी पेपराचं पान होतं. एस.टी.त मी शब्द जुळवत ते वाचलं. लंडनमध्ये साहेब वारले होते. काकांना हे कळायलाच हवं, असं मला वाटलं. उद्या घरात काय आहे, हे मात्र मनात आलं नाही.

काकांनी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "सुतक लागलं. साखरपुडा पुढं ढकला."

मावशीच्या हातातली परात खाली पडली. "गोऱ्याचं सुतक? आन् सिनेमात म्हैन्याला मरत हुता तवा न्हाई धरलं ते?"

"तवा ते सोंग हुतं."

"आवं, जामखेडची मानसं सकाळी निघत्याल! त्यांनी सोयरीक मोडली म्हंजी?"

काका ओट्यावर जाऊन बसले. शालन आत चूल फुंकत होती. तिला मुलगा पसंत होता, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, तेव्हा काकांनी त्यांना दारातच सुतक असल्याचं सांगितलं. मुलाचे वडील उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ. "कुनाचं सुतक, पाव्हनं?" त्यांनी विचारलं. काकांनी नाटकापासून जज्जापर्यंत साहेबाची सगळी कारकीर्द सांगितली. पाहुण्यांचा चहा निवला.

"म्हंजी भावकीत न्हाई."

"न्हाई."

"सोयऱ्यात?"

"न्हाई. पर मला टायफॉईड झाला तवा त्यानं उशाशी बसून चमच्यानं कांजी भरवली. भावकीतलं कुनी फिरकलं नव्हतं."

 मावशी दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. मुलाच्या वडिलांनी मला जवळ बोलावलं. "पोरा, शिकलेला हायेस ना? पेपर कवाचा हाय, बघ."

मी तेवढंच पाहिलं नव्हतं. घडी उलगडून कोपऱ्यातली तारीख वाचली. पान मागच्या दिवाळीआधीचं होतं.

"मग झालं की," ते म्हणाले. "लांबची बातमी इतक्या उशिरानं कळली तर आंगुळीनं फिटतं. आमच्यात बी तसंच हाय, तुमच्यात बी. उठा, पाव्हनं."

विहिरी आटल्या होत्या. पाहुण्यांना पिण्यासाठी म्हणून मावशीनं लांबून एक घागर आणून ठेवली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच ती उचलली आणि अंगणातल्या दगडाशी आणून ठेवली. काका धोतरासकट दगडावर बसले. मुलाच्या वडिलांनी बाह्या सारल्या आणि पहिला तांब्या आपल्या हातानं त्यांच्या डोक्यावर ओतला.

"त्याच्या माघारी कोन हाय, ते दिलंय का रं त्यात?" काकांनी डोळे न उघडता विचारलं.

मी पुन्हा सगळं वाचलं. सिनेमांची नावं होती, पुष्कळ होती. बायको, मुलं, भाऊ, कुणाचंच नाव नव्हतं.

"नाही काका. कुणीच दिलेलं नाही."

"मग तिथं त्याच्या नावानं डोक्यावर पानी कुनी घेतलं आसंल?" ते म्हणाले. हे बहुधा मला विचारलेलं नव्हतं.

मुलाच्या वडिलांनी तांब्या बाजूला ठेवला, दोन्ही हातांनी घागर उचलली आणि सगळी रिकामी केली. आतून शालनच्या बांगड्या वाजल्या, कुणीतरी सुपारी शोधत होतं, मुहूर्त जवळ आला होता. काका मात्र अंगावरचं पाणी निथळेपर्यंत तसेच बसून राहिले आणि त्यांना उठा म्हणायचं धाडस कुणालाच झालं नाही. मावशीलासुद्धा.