होडीच्या केबिनची जाळी

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मी किल्ल्याकडे जाणाऱ्या बोटीची वाट पाहत होतो. शेजारी वाळूवर ओढलेल्या शिडाच्या होडीत पन्नाशीची एक बाई छोट्या केबिनच्या खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी ठोकत होती. खिडक्यांच्या फळ्या तिने काढून टाकल्या होत्या. ओठांत धरलेले खिळे एकेक करून संपले, की ती जाळीला गाल लावून वारा येतो का ते बघायची.

“फळ्याच ठेवायच्या. एक मच्छर आत आला नसता,” मी सहज म्हणालो.

“फळ्याच होत्या,” ती म्हणाली. “माझा नवरा नि दीर आत झोपले. मच्छरांसाठी शेगडीत धुरी केली नि सगळं बंद केलं. सकाळी दीर तेवढा उठला.”

मला फक्त डास सुचले होते.

इतक्यात तो दीर आला. आता होडी तोच नेतो.

“आत जाऊन पड जरा,” ती त्याला म्हणाली. तो मुकाट्याने आडवा झाला.

“वारा लागतो का?”

“लागतो, वैनी.”

तरी ती खिडकीपाशीच थांबली. वाऱ्याने त्याचा सदरा फडफडलेला पाहिला, तेव्हाच तिथून हलली.