सोनाबाईंचं तोंड बंद केलं तेव्हा

विचुंब्याच्या सोनाबाई पनवेलच्या बाजारात मासळी विकतात. त्यांची नात पूर्वी अडीच वर्षांची झाली तरी एक शब्द बोलेना. प्लेग्रुपच्या मॅडम सोनाबाईंच्या मुलाला, भावेशला म्हणाल्या, "घरात आजी गावठी बोलतात, त्यामुळे मुलगी गोंधळते." भावेशनं आईला पूर्वीशी बोलायचीच बंदी केली. चार महिने सोनाबाई नातीला मुकाट्यानं भरवत राहिल्या.

एका दुपारी पूर्वीच्या पाठीमागे परात दाणकन पडली. पोरीनं मानही वळवली नाही. सोनाबाईंनी तिला उचललं आणि थेट कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं, असं तपासणीत निघालं.

सोनाबाई रिपोर्ट घेऊन प्लेग्रुपमध्ये शिरल्या. "पोरीला ऐकूच येत नाय, आनी तुमी माजं तोंड बंद केलंत! कान तपासा, असं एकदा तरी बोललात?"

मॅडम "सॉरी" पुटपुटल्या.

"माजं काय नाय. तिचे चार महिने गेले!"

आता पूर्वीच्या कानांना मशीन आहे. परवा आजीच्या टोपलीकडे बोट दाखवून ती "मावं" म्हणाली. तिला 'मावरं', म्हणजे मासळी, म्हणायचं होतं. भावेश कौतुकानं हसला.

"आता हसतोस?" सोनाबाई म्हणाल्या, आणि त्याच्याकडे पाठ फिरवून नातीशी बोलू लागल्या.